सतलज धरून वर, चंद्रा धरून खाली

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात बाईकवर जायच्या दोन वाटा आहेत. मनालीहून अटल बोगदा ओलांडून, ग्राम्फू आणि कुंझुम खिंड करत पहाटे निघालेला माणूस रात्री काझाला पोचतो. दुसरी वाट शिमल्याहून सतलजच्या काठाने रामपूर, किन्नौर, नाको, ताबो असा मोठा वळसा घेते. आमची टूर या दुसऱ्या वाटेने वर चढून पहिल्या वाटेने उतरणारी होती, आणि मी पैसे भरले ते त्याच कारणाने. उंचीची सवय अंगाला हळूहळू होते, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण मला हिमालयाचा इतिहासही त्याच क्रमाने बघायचा होता. खाली देवदाराची लाकडी देवळं, वर मातीचे गोंपे म्हणजे बौद्ध मठ, आणि मधे एका एका वळणाने बदलत जाणारा मुलूख. मनालीकडून गेलं की हे सगळं उलटं आणि घाईत दिसतं.

पहिला दिवस : शिमला

काल्क्याहून छोट्या गाडीने आलो. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बाईकवर बसण्याआधी डोंगराची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगलं साधन नाही. गाडी इतकी सावकाश चढते की चीड (पाइन) कुठे संपला आणि देवदार कुठे सुरू झाला, हे खिडकीतून कळतं.

दुपारी व्हाइसरॉयचा जुना वाडा पाहिला. १८८८ मध्ये बांधून झाला. आज तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. १८६४ पासून इंग्रज सरकार उन्हाळ्यात आपला सगळा कारभार या डोंगरावर हलवायचं. १९४५ ची सिमला परिषद याच वाड्यात झाली.

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात गाड्या मिळाल्या. बहुतेक रॉयल एनफिल्डच्या हिमालयन, दोन-तीन बुलेट. आमच्यात पुण्याचे बरेच, कोल्हापूरचं एक जोडपं, आणि नाशिकचे एक काका, निवृत्त इंजिनिअर. सगळ्यांच्या पुढे राहून वाट दाखवणारा लीड रायडर रामपूरचा. त्याने सुरुवातीलाच नियम सांगितले. आपापसात ओव्हरटेक करायचं नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचाच. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. फाटा आला की लीडच्या मागचा रायडर तिथे थांबणार, सगळ्यांना हाताने दिशा दाखवणार आणि सर्वात मागचा स्वीप रायडर आला की पुढे निघणार. त्याच्याही मागे सामान, मेकॅनिक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन बॅकअपची गाडी. एकटीने गाडी चालवताना माझं अर्धं लक्ष रस्ता चुकण्याकडे असतं. इथे ते ओझं पहिल्याच संध्याकाळी उतरलं.

दुसरा दिवस : शिमला ते सराहन

सकाळी सहाला निघालो, ट्रक लागायच्या आत ठियोग गाठायचं होतं. सप्टेंबरात हा सगळा पट्टा सफरचंदांचा. पिकअप भरून पेट्या खाली चाललेल्या, रस्त्याकडेला वेगवेगळ्या आकाराची फळं निवडणारी माणसं, हवेत फळाचा आंबूस-गोड वास. नारकंड्याला चहा घेऊन आम्ही मुख्य रस्ता सोडला आणि ठाणेदार-कोटगढच्या अरुंद वाटेने उतरायला लागलो.

हिमाचलच्या सफरचंदाची गोष्ट या गावांत सुरू होते. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला सॅम्युअल स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला, कोटगढला राहिला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. अमेरिकेतून डेलिशस जातीची रोपं आणून त्याने इथे लावली, शेजारच्या शेतकऱ्यांना वाटली. असहकाराच्या चळवळीत तो तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला. आज या डोंगरातली पक्की घरं, मुलांची शिक्षणं, दारातल्या गाड्या, सगळं त्या रोपांवर उभं आहे. स्टोक्सचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

उतरत उतरत सतलजपाशी आलो तेव्हा जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. नारकंडा २७०० मीटरवर, रामपूर हजाराच्या आसपास. रामपूर ही बुशहर संस्थानाची राजधानी. इथे नोव्हेंबरात लवीचा मेळा भरतो. बुशहर आणि तिबेट यांच्यात सतराव्या शतकात व्यापाराचा करार झाला, त्यातून हा मेळा आला. लोकर, चिलगोजे, जर्दाळू आणि घोडे तिबेट-किन्नौरकडून खाली यायचे, धान्य आणि भांडी वर जायची. आपण ज्या रस्त्याने हौसेने जातो तो शेकडो वर्षं लोकांच्या पोटापाण्याचा रस्ता होता. १८५० मध्ये डलहौसीच्या काळात इंग्रजांनी त्याला हिंदुस्तान-तिबेट मार्ग म्हणून आखून घेतलं.

ज्यूरीला डावीकडे न जाता उजवीकडे सुटलो आणि सतरा किलोमीटर चढून सराहन. भीमाकालीच्या मंदिरात जाताना पट्टा काढून ठेवावा लागतो आणि डोकं झाकावं लागतं. दारातच टोप्या ठेवलेल्या असतात. देवळाचे दोन उंच बुरूज काठकुणी पद्धतीचे. एक थर देवदाराच्या तुळयांचा, एक थर घडीव दगडाचा, कोपऱ्यावर तुळया एकमेकींत अडकवलेल्या, आणि चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात अशी भिंत हलते, आवाज करते आणि पुन्हा बसते. काकांनी कोपऱ्यावरच्या सांध्यात बोट घालून पाहिलं आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. उषा-अनिरुद्धाच्या कथेतल्या बाणासुराचं शोणितपूर ते हेच, असं इथले लोक मानतात. देवळाच्या अंगणातून समोर श्रीखंड महादेवाचं शिखर दिसतं.

तिसरा दिवस : सराहन ते छितकुल

आज किन्नौरमध्ये शिरायचं होतं, म्हणून सकाळच्या ब्रीफिंगला लीडचा आवाज वेगळा होता. "आज कहीं भी, जहाँ पत्थर दिखें, वहाँ रुकना नहीं है. फोटो के लिए भी नहीं."

तरांडाच्या कड्यात रस्ता अक्षरशः कोरून काढला आहे. डोक्यावर खडकाचं छत, एका बाजूला शेकडो फूट खाली सतलज. कड्यावर तरांडा देवीचं छोटं देऊळ आहे. जाणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबतो, ड्रायव्हर हात जोडतो आणि मग निघतो. आम्हीही थांबलो. त्याच्या पुढे निगुलसरी. ११ ऑगस्ट २०२१ ला इथे डोंगर रस्त्यावर कोसळला, एसटीसारखी सरकारी बस त्यात सापडली आणि २८ माणसं गेली. आम्ही एकेक करून, मधे बरंच अंतर ठेवून तो टप्पा पार केला. लीड पलीकडे उभा राहून वर डोंगराकडे बघत होता आणि हाताने एकेकाला बोलवत होता. आधी वाचलेली बातमी त्या उतारावरची ताजी माती दिसल्यावर अंगावर येते.

या दरीत धरणं आणि बोगदे इतके आहेत की नदी मधेच दिसेनाशी होते. नाथपा-झाकडी प्रकल्प एकटाच १५०० मेगावॉटचा. डोंगर पोखरण्याचा आणि डोंगर कोसळण्याचा संबंध इथल्या लोकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी आम्ही न विचारताच तो विषय काढला.

करछमला सतलज सोडली आणि बास्पा नदीच्या खोऱ्यात वळलो. सांगल्याच्या पुढे रस्ता गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा. छितकुलच्या आधी गुलाबी झालेली शेतं दिसली, ती ओगल्याची, म्हणजे कुट्टूची. छितकुल ३४५० मीटरवर, या खोऱ्यातलं शेवटचं गाव. रात्री राजमा-भात, आणि गरम पाण्याच्या पिशव्या मागून घेतल्या.

चौथा दिवस : छितकुल ते कल्पा

छोटा दिवस. पोवारीला सगळ्यांनी टाक्या काठोकाठ भरल्या, कारण पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. कल्पा हे श्याम सरन नेगींचं गाव. बर्फामुळे किन्नौरमध्ये मतदान देशाच्या आधी घेतलं गेलं आणि २५ ऑक्टोबर १९५१ ला या शाळामास्तरांनी स्वतंत्र भारतातलं पहिलं मत टाकलं. २०२२ मध्ये गेले, तोवर एकही निवडणूक चुकवली नाही. समोर किन्नर कैलास उभा. संध्याकाळी त्याच्यावरची शिळा क्षणाक्षणाला रंग बदलते असं म्हणतात. आम्हाला ढगांनी जेमतेम पाच मिनिटं दिली.

पाचवा दिवस : कल्पा ते नाको

मुलूख बदलतो तो आज. स्पिलोच्या पुढे झाडं विरळ होतात, मग फक्त ओढ्याकाठी उरतात, मग तीही नाहीत. महाबळेश्वराहून उतरून माणदेशात शिरावं तसं, पण दसपट मोठ्या मापाने. पाऊस अडवणारी रांग मागे राहिली आणि आपण तिच्या पाठीमागे आलो. सतलज मात्र ही रांग आरपार कापून येते. तिबेटात राक्षसतालाच्या भागातून निघालेली ही नदी डोंगर उचलले जात असताना आपला मार्ग न सोडता खाली कापत राहिली, म्हणून हिमालयाच्या पोटातून असा रस्ता मिळाला.

खाबच्या पुलावर थांबलो. इथे स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज शिपकी-लाकडून भारतात येते ती उजवीकडून, आपण तिला सोडून डावीकडे स्पितीचा हात धरायचा. पूल ओलांडला की 'का' नावाची वळणं सुरू होतात, एकावर एक रचलेली.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर कोल्हापूरच्या ताईंच्या बुलेटची क्लच वायर तुटली. स्वीपने गाडी डोंगराच्या बाजूला लावून घेतली आणि बॅकअपच्या गाडीतून मेकॅनिक उस्ताद उतरले. लिव्हरची पिन काढली, तुटलेल्या वायरचं निपल चिमट्याने ओढून बाहेर काढलं, नवी वायर हातावर ताणून तिला ग्रीस लावलं, टाकीखालून आधी टाकलेल्या प्लास्टिकच्या बंधांमधून सरकवत खालपर्यंत नेली, आणि मग लिव्हर दाबून-सोडून ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहिले. "दोन रुपये के सिक्के जितना खेल रखना है, दीदी. ज़्यादा टाइट किया तो प्लेट जल जाएगी." ताईंनी तो ॲडजस्टर स्वतः फिरवून बघितला, तेव्हाच उस्तादांनी हत्यारं गुंडाळली.

नाको ३६६० मीटरवर. तळ्याभोवती वाळुंज आणि पॉप्लर, दगडी गल्ल्या, छपरावर वाळत घातलेला चारा. पाठीमागे रियो पुरग्यिल, ६८१६ मीटर, हिमाचलचं सर्वोच्च शिखर. माझं डोकं जरा जड झालं होतं. लीडने सगळ्यांना जेवणाआधी गावातून हळू चक्कर मारायला लावली आणि पाणी प्यायला लावलं. रात्री शांत झोप लागली.

सहावा दिवस : नाको ते ताबो

सुमदोच्या पलीकडून वळून ग्यू गावात गेलो. तिथे एका बौद्ध भिक्खूचा देह आहे, बसलेल्या स्थितीतला, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा, कोणतंही रसायन न लावता टिकलेला. १९७५ च्या जानेवारीतल्या किन्नौर भूकंपात त्याची समाधी उघडी पडली. दात आणि केस अजून दिसतात. गावातल्या लोकांसाठी तो देव आहे, म्हणून आम्ही दोन-दोनजण आत गेलो आणि न बोलता बाहेर आलो.

दुपारी ताबो. या प्रवासात मला सगळ्यात जास्त जे पाहायचं होतं ते इथे. बाहेरून बघणाऱ्याला मातीची काही बसकी, बिनखिडक्यांची घरं दिसतात. पण इसवी सन ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओ याने हा मठ स्थापला, महान भाषांतरकार रिन्छेन सांग्पो याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं, आणि तेव्हापासून इथली पूजा थांबलेली नाही. १९९६ मध्ये मठाला हजार वर्षं झाली तेव्हा दलाई लामांनी इथे कालचक्र दीक्षा दिली.

जोडे बाहेर काढले. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती बंदी योग्यच आहे. दार लोटल्यावर काही दिसेना. छतातल्या एका झरोक्यातून थोडा उजेड. डोळे सरावले तसे भिंतींतून बाहेर येणारे देह दिसू लागले. माती आणि गिलाव्याच्या, माणसाएवढ्या तीसहून अधिक मूर्ती, जमिनीपासून उंचावर, भिंतीला पाठ लावून बसलेल्या. मिळून वज्रधातू मंडल (बौद्ध देवतांची ठरावीक मांडणी) होतं, म्हणजे मधे उभा राहिलेला माणूस मंडलाच्या आत असतो. भिक्खूंनी बॅटरी खालच्या भिंतीवर धरली. तिथे सुधनाची कथा, ज्ञानाच्या शोधात गुरूंमागून गुरू करत निघालेल्या तरुणाची. एका चौकटीत तो हात जोडून उभा आहे आणि त्याच्या धोतराची बारीक नक्षी, निळ्यावर पांढरी, कालच काढल्यासारखी स्वच्छ. बोटांची वळणं पाहिली आणि मला अजिंठा आठवला.

ताबोला हिमालयाचं अजिंठा म्हणतात. पर्यटनाच्या जाहिरातीतला शब्द म्हणून मी तो आजवर सोडून दिला होता. आत उभं राहिल्यावर त्यातलं खरं नातं दिसलं. अजिंठ्याची महायान लेणी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात रंगली. ताबो त्यानंतर पाचशे वर्षांनी. इथल्या जुन्या चित्रांत काश्मिरी कलाकारांचा हात असल्याचं अभ्यासक सांगतात, आणि भारतीय चित्रकलेची जी वळणं वाघूर नदीच्या कड्यात आपण पाहतो, तीच काश्मीरमार्गे इथपर्यंत पोचली. फरक एकच, आणि तो मोठा आहे: अजिंठ्यात आता पूजा नाही, इथे रोज पहाटे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही काहीजण नव्या मठातल्या प्रार्थनेला जाऊन बसलो.

ताबोच्या भिंती मातीच्या आहेत. पाऊस जवळजवळ नाही म्हणून त्या टिकल्या. अलीकडे स्पितीत पाऊस वाढला आहे असं गावकरी सांगतात, आणि छपरातून झिरपणारं पाणी या चित्रांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. गर्दी करून, दिव्याचे झोत मारून आपण त्यात भर घालू नये.

सातवा दिवस : ताबो ते काझा

४७ किलोमीटरच अंतर, म्हणून धनकरला वर चढून गेलो. पिन आणि स्पितीच्या संगमावर, झिजून सुळके झालेल्या डोंगराच्या टोकाला जुना मठ आणि किल्ला. ही स्पितीची जुनी राजधानी, ३९०० मीटरच्या जवळपास. गड बघण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला जागा का निवडली ते चटकन कळतं: दोन्ही खोरी नजरेत आणि वर यायला एकच वाट. जुन्या मठाखालची माती सुटत चालली आहे, त्यामुळे आत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात.

आठवा दिवस : काझाच्या भोवती

की मठ, किब्बर, २०१७ मध्ये झालेला चिचमचा पूल. तो होण्याआधी त्या भयानक घळीवरून लोक दोराच्या पाळण्यात बसून जायचे. मग लांगझा, हिक्कीम, कोमिक. लांगझाच्या उतारावर अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रातल्या जीवांचे, ४४०० मीटरवर. मुलं ते विकायला आणतात. लीडने विकत घेऊ नका म्हणून सकाळीच बजावलं होतं आणि कोणीही घेतले नाहीत. हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून, जे १९८३ पासून चालू आहे, सगळ्यांनी घरी पत्रं टाकली.

नववा दिवस : काझा ते चंद्रताल

लोसरला पराठे, तिथून चढ. कुंझुमच्या देवीला प्रदक्षिणा घालून गाड्या पुढे न्यायची रीत आहे. खिंड ४५०० मीटरच्या वर. पलीकडे उतरताना रस्ता नावालाच. चंद्रतालला गाड्या तळ्यापासून लांब ठेवाव्या लागतात आणि तंबूही लांबच. २००५ पासून ही रामसर या आंतरराष्ट्रीय करारातली संरक्षित पाणथळ जागा आहे. पाण्याचा रंग लिहून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

दहावा दिवस : चंद्रताल ते मनाली

पहाटे पाचला उठवलं. कारण एकच, नाले. रात्री बर्फ गोठतं, म्हणून सकाळी पाणी कमी. ऊन चढलं की तोच नाला दुपारी ट्रक अडवतो. बातलच्या पुढे चंद्रा नदीच्या काठाने ग्राम्फूपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर गोटे, चिखल आणि वाहतं पाणी.

पहिल्या मोठ्या नाल्यापाशी लीड बूट न काढता पाण्यात उतरला. काठीने तळ चाचपत पलीकडे गेला, परत आला, आणि पाण्याखालचा सपाट पट्टा कुठे आहे ते दगड ठेवून दाखवलं. मग एकेकजण. पहिला गिअर, क्लचला हात नाही, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं की हॅन्डल आपोआप डावीकडे ओढतं; त्याला झगडायचं नाही, थोडं जाऊ द्यायचं. पाणी पिंडऱ्यांपर्यंत आलं, इतकं गार की पाय भाजल्यासारखे वाटले. उस्ताद नाल्याच्या मधोमध उभे, कोणी डगमगलं तर मागचं कॅरिअर धरायला. काकांची गाडी पाण्यातच बंद पडली. सायलेन्सरमध्ये पाणी जाईल म्हणून उस्तादांनी ती पाण्यात सुरू करू दिली नाही, तिघांनी ढकलून बाहेर काढली आणि मग स्टार्टर मारला. काका पासष्टीचे आहेत. पुढचे नाले त्यांनी एकदाही पाय न टेकता पार केले.

दुपारी ग्राम्फूला डांबर लागलं. कोकसरवरून अटल बोगद्यात शिरलो. ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला. पलीकडे बाहेर पडलो ते एकदम हिरव्यागार, ओल्या, देवदारांच्या मुलखात.

मनालीला गाड्या परत दिल्या, उस्तादांनी प्रत्येकीची चेन आणि टायर तपासून वहीत नोंद केली. काकांनी लीडला विचारलं, हिवाळ्यात इथे येता येतं का. कुंझुम साधारण नोव्हेंबर ते मे बंद असते, पण आम्ही आलो तो शिमल्याकडचा रस्ता बर्फ काढून शक्यतो चालू ठेवतात, तो म्हणाला. मात्र बाईक नाही, साखळ्या लावलेल्या जीपने, आणि ताबोत घरगुती मुक्काम. काकांनी तिथेच फेब्रुवारीच्या तारखा लिहून घेतल्या.